अर्धा इंच बाहेरची रेघ

इस्त्री उजव्या पावलावर पडली तेव्हा शिंप्याला फारसं दुखलं नाही, आणि डॉक्टरांना काळजी वाटली ती त्याचीच. दहा वर्षांच्या मधुमेहाने पायाची जाणीव बोथट झाली होती. जखम चिघळली. शिलाई मशीन चालायचं ते याच पायावर.

डॉक्टरांनी जखमेवर जेलीसारखी मऊ, पारदर्शक पट्टी बसवली. तिच्यात चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण आहेत, ते जंतू मारतात आणि जेल जखमेला सुकू देत नाही, असं त्यांनी शिंप्याच्या मुलीला समजावलं. चार दिवस पट्टी उघडायची नाही. मग भोवतीच्या लालीच्या कडेने त्यांनी पेनाने रेघ मारली. लाली रेघेबाहेर गेली तर तडक घेऊन या. उशीर झाला तर पाऊल वाचेलच असं सांगता येणार नाही. शिंपी रेघेकडे बघून एवढंच म्हणाला, की असं वाकडं मार्किंग करणाऱ्याला आपण दुकानात ठेवला नसता.

खरी अडचण आत्याची होती. शिंप्याची ही थोरली बहीण तीस वर्षं वॉर्डात नर्स होती, आणि रोज न धुतलेली जखम तिच्या लेखी झाकलेलं पाप होतं. दुसऱ्या दिवशी पट्टी कडेने करडी दिसू लागली, तशी ती कात्री उकळायला ठेवून आली. चांदीमुळे रंग बदलेल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मुलीने ते तीनदा ऐकवलं आणि चौथ्यांदा सरळ दोघांच्या मध्ये उभी राहिली. अखेर तडजोड रेघेवर झाली. लाली आत आहे तोवर कात्रीला हात लावायचा नाही.

मग दर दोन तासांनी पाय बघणं सुरू झालं. "आहे आत," आत्या म्हणायची, जराशा नाराजीनेच.

तिसऱ्या दिवशी सकाळीही लाली आतच होती. रेघेला टेकलेली, पण आत. मुलीने खिडकी उघडली, पायावर उजेड आला, आणि ती खाली वाकली. रेघ फार सुबक होती. घोट्यावरचा वळसा हात न उचलता घेतलेला. असे वळसे ती लहानपणापासून बाह्यांवर बघत आली होती.

"बाबा, ही रेघ कोणी मारली?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. काल संध्याकाळी अंग पुसताना डॉक्टरांची रेघ पुसली गेली होती. ती दिसली नाही तर ताई कात्री घेऊन येणार, म्हणून त्याने स्वतःच मारली.

"होती तिथेच मारलीत ना?"

त्याने रेघेवरून बोट फिरवलं. "अर्धा इंच बाहेर. शिवणीसाठी सोडतो तशी माया सोडली गेली. हात सवयीने गेला गं."

आत्या एरवी यावर तासभर बोलली असती. तिने गाडी बोलवायला सांगितलं आणि भावाच्या डाव्या पायात चप्पल घातली.

दवाखान्यात पट्टी उघडली तेव्हा खाली जखम स्वच्छ, गुलाबी होती. आत्याने वाकून वास घेतला आणि नाइलाजाने मान हलवली. पण जंतू कातडीखालून पट्टीच्या पलीकडे, चांदी पोचत नव्हती तिथे सरकले होते. शिरेतून औषध सुरू झालं. संध्याकाळपर्यंत लाली थांबली नाही तर शस्त्रक्रियेचं बघावं लागेल, असं म्हणून डॉक्टरांनी नवी रेघ मारली. ती मारेपर्यंत शिंपी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसला होता.

आत्याचा आता कुठल्याच रेघेवर विश्वास नव्हता. तिने भावाच्या खिशातली टेप काढली आणि घोट्याच्या हाडापासून वर लालीच्या कडेपर्यंत मापलं. सव्वादोन इंच. दुपारी सव्वादोन. चार वाजता सव्वादोन. सहाला तिने मापलं आणि टेप डोळ्यांजवळ नेली.

"किती?" शिंप्याने विचारलं.

"सव्वादोनला सूतभर कमी."

"टेप ताणली असशील."

"नाही रे."

"मग पुन्हा माप," तो म्हणाला, आणि टेपचं टोक त्याने स्वतः हाडावर दाबून धरलं.