भट्टीच्या कोपऱ्यातली दांडी

आमच्या ह्यांनी ओतकामाच्या कारखान्यात बसवलेला मिश्रधातू तीस वर्षं नळाच्या तोट्यांना चालला. यंदा पहिल्यांदाच बॉयलरच्या झडपांची ऑर्डर आली. सून म्हणाली, “आई, कॉम्प्युटरवर मांडून पाहिलं. सतत तापत राहिला, तर यातले धातू एकमेकांपासून सुटतील आणि झडपा फुटतील.”

“तुझ्या कॉम्प्युटरने कधी चटका खाल्लाय?”

बोलले खरी, पण जीव थाऱ्यावर राहीना. गुपचूप त्याच धातूची एक दांडी तापत्या भट्टीच्या कोपऱ्यात ठेवली. दहा दिवस तिकडे येरझाऱ्या घातल्या. आज हातोडी मारली, तर दांडी वाळल्या ढेकळासारखी फुटली.

दारात झडपांचा माल भरलेली गाडी उभी होती. “रिकामी करा,” मी म्हटलं. “आणि सूनबाई, हसू नकोस.”

“हसत नाही, आई. दहा दिवस त्या कोपऱ्याची आच मीच राखत होते.”