बाहेरून लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. सध्या एका गंजक्या डब्यात, वाकड्या खिळ्यांच्या शेजारी पडून असते. शेजार काही बरा नाही, पण तक्रार कुणाकडे करणार?

एका छोट्या कारखान्यात मला तापवून, ठोकून घडवले. त्यामुळे माझा स्वभाव मुळातच ताठ. सुताराने मला दोन खोल्यांच्या घरात, आतल्या दाराला आतून बसवले. तिथे एक आई आणि तिचा एकुलता एक मुलगा राहत. वडील कधीच वारले होते. परीक्षा आली की मुलगा मला लावून अभ्यासाला बसे. आई शेजारणींना दटावे, "कडी लावून बसलाय, हळू बोला." तेव्हा मला कोण अभिमान वाटे!

मुलगा मोठा झाला, छापखान्यात कामाला जाऊ लागला आणि तिथेच कधीतरी दारूच्या नादी लागला. आधी यंत्रावर हात थरथरू लागला, मग नोकरी गेली. डॉक्टर म्हणाले, "दाखल करा. हा आजार आहे, एकट्या बाईच्याने निभायचा नाही." पण आईचे मन धजेना. पोटचा गोळा परक्यांच्या हाती कसा द्यायचा? पस्तिशी ओलांडलेला तो बाप्या तिच्या लेखी अजून बाळच होता.

तिने सुताराला बोलावले आणि मला काढून दाराच्या दुसऱ्या अंगाला लावायला सांगितले.

"बाहेरून? उलटं नाही का होणार, मावशी?"

"माझं सगळं उलटंच झालंय. तू लाव."

मग ती माझ्याजवळ स्टूल टाकून बसू लागली. शिवणकामाच्या दुकानातून आणलेल्या शर्टांना बटणे लावी आणि कान दाराकडे ठेवी. आतून आवाज येई, "आई, उघड ना गं. एकदाच जाऊन येतो. तुझी शपथ!"

"तुझ्या शपथा लागल्या असत्या तर मी केव्हाच मेले असते रे, बाळा."

असे म्हणे आणि तोंड फिरवून डोळे पुशी. ती जेवण घेऊन आत जाई, त्याची ओकारी पुसून बाहेर येई. मला लावताना मात्र खटका वाजू नये म्हणून मध्ये स्वतःचे बोट धरी. त्या बोटाचे नख काळेनिळे झाले होते. मला फार लाज वाटे, पण लोखंडाला कोण विचारतो?

एका दुपारी ती पाणी प्यायला उठली आणि चक्कर येऊन स्वयंपाकघरात कोसळली. भांडे घरंगळत गेले.

"आई? काय पडलं गं?"

थोड्या वेळाने ती फरशीवरून सरपटताना दिसली. बाहेरचे दार उघडे होते, शेजारी जागे होते. ती तिकडे गेली नाही. ती माझ्याकडे आली. हात वर केला, पण तो माझ्यापर्यंत पोहोचेना. मित्रांनो, मला स्वतःहून तसूभरही सरकता आले नाही.

मुलाने खांद्याने धडका मारल्या. माझे स्क्रू निखळले, मी वाकले, दार उघडले. त्याने तिला मांडीवर घेतले.

"शेजाऱ्यांना हाक का नाही मारलीस गं?"

"त्यांनी मला उचलून नेलं असतं, आणि तू आत अडकला असतास ना रे," ती म्हणाली. एवढेच बोलली आणि गेली.

घर माणसांनी भरले. जो तो म्हणाला, "आई असावी तर अशी!" पण इतक्या महिन्यांत एकीनेही म्हटले नव्हते, "मावशी, घटकाभर पडा. आज दाराशी मी बसते."

मुलगा अजून पितो. आता त्याला अडवणारे कुणी नाही. पिऊन आला की उंबऱ्यावर बसून रडतो.

मित्रांनो, माझा गंज राहू द्या. पण तुमच्या शेजारी असे एखादे दार असेल, तर तिथल्या आईचे नुसते कौतुक करू नका. तिच्याजवळ जाऊन बसा. ती जिवंत आहे तोवर.