माझ्यात न मावलेली तारीख

मी एक जुना खण आहे, मित्रांनो, पण लाकडाचा नव्हे. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या सर्व्हरमध्ये, प्रोग्रॅमच्या आत माझा मुक्काम. एकोणीसशे सत्तरच्या पहिल्या दिवसापासून कुपीच्या मुदतीपर्यंत किती सेकंद होतात, एवढाच आकडा मी सांभाळायचो. त्यावरून रक्ताची कुठली कुपी कधीपर्यंत गोठवून जपायची ते ठरायचं. मुदत संपली की यंत्राचा हात ती टाकाऊ ट्रेमध्ये नेऊन ठेवतो.

मला घडवणाऱ्यानं बत्तीस बिटांचा, म्हणजे बत्तीस घरांचा आकार निवडला. तेव्हा नमुने चार-पाच वर्षंच ठेवत. थोडक्या जागेत भागवतो म्हणून माझं कोण कौतुक!

मग नियम बदलला. नवजात बाळाचा नमुना ते अठरा वर्षांचं होईपर्यंत जपायचा. आणि लगेच एका सकाळी एका बाळाची ताजी कुपी टाकाऊ ट्रेमध्ये सापडली. नमुना घेतल्याबरोबर त्या बाळाला दुसऱ्याचं रक्त चढवलं होतं. त्याचं आधीचं रक्त तेवढ्या कुपीतच उरलं होतं.

"मावशी, खरं सांगा, तुमचाच हात लागला ना?" व्यवस्थापकांनी सफाईवाल्या मावशींना धरलं.

"फ्रीझरची किल्ली तुमच्या खिशात. मी काय भिंतीतून गेले?"

"मग कुपी चालत गेली?"

"त्या यंत्राला विचारा की! हात त्यालाही आहे."

"उद्यापासून येऊ नका."

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ताईला हे पटेना. तिनं कुपी आधी बर्फात ठेवली, मग मला उघडलं. अठरा वर्षांपुढची तारीख माझ्यात घातली. दोन हजार अडतीसच्या जानेवारीपुढचं माझ्यात मावतच नाही. आकडा उलटला, मी शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं साल दाखवलं. यंत्राच्या लेखी कुपीची मुदत कधीच संपलेली!

ताईनं माझ्या जागी चौसष्ट बिटांचा खण बसवला.

"चला, सापडला चोर," मावशी म्हणाल्या.

"थांबा मावशी. चोर एकटा नसतो."

तो आकडा जिथं जिथं जात होता, तिथं ती गेली. यंत्राच्या हाताला हुकूम देणाऱ्या भागात माझाच एक बत्तीस बिटांचा भाऊ साळसूद बसला होता. मोठ्या खणातली तारीख तो पुन्हा कापत होता! त्यालाही तिनं बदललं. मग लांबच्या तारखेची रिकामी कुपी ठेवून पाहिली. हात हलला नाही. तेव्हाच बाळाची कुपी आत गेली.

"उद्या याल ना, मावशी?" व्यवस्थापक पुटपुटले.

"येईन. पण किल्ली तुमच्याकडेच राहू द्या हं!"

आता मी निकामी आहे. पण मित्रांनो, वेळ ठेवायला खण निवडाल तेव्हा आजची तारीख मावली म्हणून हुरळू नका. सर्वांत लांबची घालून पाहा. वाटेतल्या प्रत्येक खणावर संशय घ्या, साळसूदांवर तर आधी. ते बाळ मोठं होऊन आपली कुपी मागायला येईल, तेव्हा ती जागेवर असायला हवी.