रेघ पुरी होऊ द्या

शाळेत करिअर मार्गदर्शनाचा तास माझ्याकडे आहे आणि दर महिन्याला त्या तासाला पाहुणा शोधून आणणं ही माझी कायमची डोकेदुखी. येणारे पाहुणे तरी कसे? सुटाबुटातले, सारखे घड्याळाकडे बघणारे. ‘मोठी स्वप्नं बघा’ म्हणायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. पोरं टाळ्या मात्र जोरात वाजवतात, कारण टाळ्या वाजल्या की तास संपतो. मला या प्रकाराचा अगदी वीट आला होता.

त्यात या वेळच्या बँकेतल्या साहेबांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, म्हणाले की तास रद्दच करू. मी म्हटलं, मुळीच नाही, माझी वहिनी येईल.

वहिनीचं काचेचं दुकान आहे. खिडक्या, आरसे, कपाटांची दारं, सगळं स्वतःच्या हातानं कापून देते. आणि बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायची सवड ठेवत नाही. माझा भाऊ म्हणतो, लग्नानंतर आपला आवाज कसा होता तेच मी विसरलो. मला वाटलं, हिला फळ्यासमोर उभी केली की तास कुठे गेला ते कळायचं नाही.

पण माझा जीव खरा अडकला होता तो मुंगीत. मुंगी ही शेवटच्या वर्गातली. सदानकदा कुठलं तरी लाकूड उचलून नेत असते, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. सुतारकामात असा हात मी दुसरा पाहिला नाही. पण कुणी जवळ येऊन काही विचारलं, की संपलं. आधी उत्तर द्यावं की काम करावं हे तिला कळेनासं होतं आणि करवत भलतीकडे जाते. मागच्या आठवड्यात मोठे सर कौतुकानं डोकावले, ‘काय करतेस बाळ?’ म्हणाले, आणि चांगल्या बसत आलेल्या सांध्याचा पार विचका झाला. सगळा वर्ग हसला.

आणि तंत्रशाळेची प्रवेश परीक्षा तर परीक्षकासमोर लाकूड कापून सांधा बसवून द्यायची, तीही वहिनीच्या तासाच्या दुसऱ्याच दिवशी. मुंगीनं मला सांगून टाकलं होतं की ती जाणार नाही, घरी आईला शिवणकामात मदत करील. मी समजावलं, रागावले, गोडीनं सांगून पाहिलं. ढिम्म हलली नाही पोरगी. अशी चिडले होते मी!

वहिनी आली ती जुन्या घोंगडीत काचा गुंडाळून. आल्या आल्या तिचं सुरू झालं. गिऱ्हाइकं आरसा घ्यायला येतात आणि आधी त्यात स्वतःचे केस नीट करतात, याची तिनं अशी काही नक्कल केली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे सरकली. मग तिनं टेबलावर घोंगडी पसरली, काच ठेवली, कटर तेलात बुडवला, डाव्या हातानं पट्टी दाबून धरली. आणि बाईसाहेब एकदम गप्प.

तिला इतकी गप्प मी जन्मात पाहिली नव्हती. कटर काचेवर रेघ ओढत निघाला, आणि एक बारीक, सलग आवाज येऊ लागला. वर्गही आपोआप शांत झाला. मोठ्या सरांना मात्र पाहुणी मुकी झालेली कशी बघवणार? ते प्रेमानं म्हणाले की ताई, मुलांना सांगा ना, हे हत्यार कुठे मिळतं. वहिनीनं मान वर केली, म्हणाली, बाजारात मिळतं, सर. तो आवाज मध्येच तुटला. काच टेबलाच्या कडेला आणून तिनं दाबली, तर ती अर्ध्यापर्यंत सरळ फुटली आणि पुढे मनाला येईल तशी गेली.

दोघातिघांनी फिस्स केलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वहिनीनं तो वाकडा तुकडा सगळ्यांना दिसेल असा उचलून धरला.

“माझा हात चुकला का? नाही. मी मध्येच उत्तर दिलं, ते चुकलं. दुकानात गिऱ्हाईक कितीही मोठं असू दे, रेघ पुरी होईपर्यंत मी तोंड उघडत नाही. इथे मोठे सर म्हणून भीड पडली.”

तिनं दुसरी काच घेतली आणि सरांना सांगितलं की आता मुद्दाम काहीतरी विचारा. सरही दिलदार माणूस, त्यांनी ऐन रेघेच्या मध्यावर विचारलं. वहिनीनं वर पाहिलं नाही. पट्टी दाबलेल्या हाताचं फक्त एक बोट उचललं. रेघ पुरी झाली, काच सरळ मोडली, तेव्हा ती वळली आणि हसून म्हणाली की आता विचारा, आता दिवसभर बोलते. पहिली टाळी सरांनीच वाजवली. आणि खरं सांगते, मला वहिनीचा इतका अभिमान वाटला की डोळेच भरून आले.

तास सुटल्यावर मुंगी घोंगडी गुंडाळायला पुढे आली. हळूच विचारलं, “समोरच्याला राग नाही येत?”

“येतो की. मग मी त्याच्या हातात सरळ कापलेली काच देते.”

मुंगीनं गुंडाळलेली घोंगडी वहिनीच्या हातात दिली आणि निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती तंत्रशाळेच्या फाटकाशी उभी होती. वहिनी दुकान बंद ठेवून आली होती. आम्ही दोघी कार्यशाळेच्या खिडकीशी नाक लावून उभ्या. परीक्षक एकेका टेबलाशी थांबत मुंगीकडे आले. तिची करवत लाकडात निम्मी शिरली होती. ते वाकले आणि त्यांनी काहीतरी विचारलं.

झालं, गेलं सगळं, मी पुटपुटले. वहिनीनं माझं मनगट घट्ट पकडलं.

लाकूड धरलेल्या मुंगीच्या हाताचं एक बोट वर झालं. करवत थांबली नाही. परीक्षक सरळ उभे राहिले आणि वाट बघू लागले. तुकडा खाली पडला, तिनं करवत बाजूला ठेवली, त्यांच्याकडे तोंड केलं आणि बोलू लागली. चांगली हातवारे करून बोलत होती. मग तिनं सांध्याचे दोन्ही भाग एकमेकांत बसवले. परीक्षकांनी तो सांधा ओढून पाहिला, पुन्हा जोर लावून पाहिला. सुटला नाही.

वहिनीनं तेव्हा कुठे माझं मनगट सोडलं.

“पुरी केली गं पोरीनं,” ती म्हणाली, आणि मग घरी पोचेपर्यंत तिचं तोंड काही बंद झालं नाही.