सगळ्यांना एकच चाळणी

मोठ्या साहेबांनी एका भामट्याची ईमेल उघडली, सगळे संगणक बंद पडले आणि दोन दिवस आख्खं रुग्णालय कागदावर चाललं. बोलणी मात्र मी खाल्ली, कारण इथले संगणक मी सांभाळते. मग मीही हट्टाला पेटले. कर्मचारी आणि पुरवठादार सोडून कुणाचीही ईमेल आली की अडवायची! साहेब, औषधभांडार, रक्तपेढी, सगळ्यांना एकच चाळणी. कुणाला काय लागतं ते विचारायला मला सवड नव्हती. खरं तर इच्छाच नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी एक वाजता रक्तपेढीच्या ताई धापा टाकत आल्या.

"अगं, ईमेल बंद आहे का? बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नाहीये. गट लाखात एकाचा, शेवटची पिशवी लावलीय. सकाळीच जुन्या रक्तदात्यांना लिहिलं, एकाचंही उत्तर नाही. असं कधी होत नाही गं."

अडवलेल्या ईमेलींचा ढीग उघडला. बक्षिसं, केस उगवायचं तेल, फुकट चष्मे. त्यातच सकाळी नऊची एक: 'मी गावातच आहे. बारापर्यंत वाट पाहतो, मग बस पकडायची आहे. कळवा.' खाली फोन नंबर.

ताईंनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोनदा फोन नुसताच वाजला. तिसऱ्यांदा त्याने उचलला. मागे बसची घरघर.

"उत्तर आलं नाही, म्हटलं मिळालं असेल कुणीतरी. आता मी तासभर पुढे आलोय."

"उतरा," मी म्हणाले. "हात जोडते, उतरा. चूक माझी आहे. मी रुग्णवाहिका पाठवते."

पलीकडे तो ओरडला, "ओ ड्रायव्हर, थांबवा गाडी!"

तो पोचेपर्यंत मी जिन्यात उभी होते. पुढे तपासण्या झाल्या, त्याच्या रक्ताची पिशवी वर बाळंतिणीकडे गेली. संध्याकाळी ताईंनी निरोप दिला, बाई वाचली.

मी वही घेऊन रक्तपेढीत गेले.

"ताई, तुमच्याकडे कुणाच्या ईमेल येऊ द्यायच्या?"

"अनोळखी माणसांच्या," त्या म्हणाल्या. "आमचं सगळं त्यांच्यावरच चालतं."

तेवढ्यात बाळंतिणीचा नवरा दारात आला. डोळे सुजलेले. माझे हात धरून म्हणाला, "तुम्हीच शोधलंत ना त्यांना?"

"नाही हो," मी म्हणाले. "त्यांचं उत्तर सकाळीच आलं होतं. मीच त्यांना दाराबाहेर ठेवलं होतं."

त्याने हळूच माझे हात सोडले.