एकच सुलटा हात

एनेइदा आर्चिबोल्डनं वस्तऱ्याला हातसुद्धा लावला नाही. तिनं खुर्ची खिडकीकडे वळवली, ओव्हिदिओची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसलं भिंग डोळ्याला लावून त्याची मान बघत राहिली. कोलोन बंदराच्या आठव्या रस्त्यावर माशांची गाडी येऊन उभी राहिली, दोन बायकांची गाडीवाल्याशी घासाघीस झाली, गाडी निघूनही गेली, तरी ती बघतच होती.

"उजवीकडे एकतीस," ती शेवटी म्हणाली. "डावीकडच्या मोजायच्या सोडून दिल्या."

"काय एकतीस?"

"पुटकुळ्या. मान आहे की भाजलेलं वांगं?"

"मावशी, मला फक्त दाढी करून द्या. चांगली, अगदी गुळगुळीत."

"गुळगुळीत तर तू स्वतःच करतोयस. त्याचाच प्रताप बघतेय मी."

ओव्हिदिओ गिटेन्स चोवीस वर्षांचा होता आणि अग्निशमन दलात उमेदवारी करत होता. शिडीवर तो सगळ्यांत चपळ होता. सरावाचा सत्तर किलोचा पुतळा खांद्यावर टाकून चार मजले उतरायचा. पण मुखवट्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाला होता. धुरात शिरताना चेहऱ्यावर चढवायच्या मुखवट्याला कडेनं रबराची पट्टी असते. ती कपाळावरून, गालांवरून, हनुवटीखालून कातडीला घट्ट चिकटली पाहिजे. मध्ये दाढीचे खुंट आले की फट राहते आणि फटीतून धूर आत येतो. परीक्षेत धुराऐवजी कडू औषधाचा फवारा मारतात. तोंडात कडू लागलं की नापास.

पहिल्या वेळी मान इतकी सोललेली होती की त्यानं तीन दिवस दाढीच केली नव्हती. खुंटांनी घात केला. दुसऱ्या वेळी त्याच सकाळी तीनदा रेझर फिरवून गेला, तर हनुवटीखाली रक्त आणि लस यायला लागली, पट्टी त्यावरून घसरली, आणि पट्टा आवळवेना इतकं झोंबलं. पुन्हा कडू. नियमाप्रमाणे संधी तीनच. तिसरी तीन आठवड्यांवर आली होती. तीही गेली, तर दलाचं दार त्याला कायमचं बंद होणार होतं.

"दाढी कशी करतोस ते सांग," एनेइदा म्हणाली. "खोटं बोलू नकोस, मान मला सगळं सांगते."

त्यानं सांगितलं. पद्धत आजोबांची. आधी वरून खाली, मग आडवं, मग खालून वर, कातडी बोटांनी ताणून. मग कापसाचा बोळा गालावरून आणि गळ्यावरून ओढायचा. एखादा तंतू जरी अडकला, तरी पुन्हा उलटा हात मारायचा. कापूस अडकेनासा झाला की लिंबू पिळलेली बे-रम, म्हणजे सुगंधी पानांचा अर्क असलेली रम, ओंजळीत घेऊन गालांवर थापायची. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे दाढी नीट झाली.

"क्लोव्हिस गिटेन्सचा नातू शोभतोस," एनेइदा म्हणाली. "कालव्याच्या अमेरिकन पट्ट्यात क्लबात वेटर होते ना ते? त्यांच्या गालावर माशी बसली तर घसरायची, असं माझे बाबा म्हणायचे."

मग तिनं डोक्याचा रुमाल सोडला, आपल्या पिकलेल्या केसांतला एक उपटला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. केस पडल्या पडल्या वेटोळं झाला.

"सरळ कर."

त्यानं दोन टोकं धरून ताणला. सोडला तसा केस पुन्हा गोल झाला.

"तुझ्या दाढीचा केस हाच. ही स्प्रिंग आहे. तू कातडी ताणतोस तेव्हा केस बाहेर ओढला जातो. मग तू तो उलट्या हातानं मुळाशी कापतोस. कातडी सोडलीस की तो कुठे जातो?"

"आत," ओव्हिदिओ म्हणाला.

"टोक कसं असतं? तिरकं, सुईसारखं. आत गेलेली ही सुई वाढायला लागली की सरळ बाहेर येत नाही, गोल फिरून तुझ्याच मांसात घुसते. ती एक पुटकुळी. अशा एकतीस." तिनं केस फुंकरीनं उडवून दिला. "तू दाढी करत नाहीयेस बाळा, केस पेरतोयस."

ओव्हिदिओ रिकाम्या तळहाताकडे बघत राहिला. एखाद्या गोष्टीचं कारण कळेपर्यंत त्याला चैन पडत नसे. या मानेवर त्यानं मलम लावलं होतं, तुरटी घासली होती, चर्चमधलं पवित्र पाणीही लावून बघितलं होतं. पण दाढी जितकी गुळगुळीत तितकं दुखणं खोल, हे एवढं साधं कुणी त्याला सांगितलंच नव्हतं, आणि इथं या बाईनं ते एका पांढऱ्या केसावर दाखवून दिलं.

"बारा दिवस पातं लावायचं नाही," ती म्हणाली.

"मावशी! रोज सकाळी हजेरीला गाल बघतात आमचे."

"मशीन फिरव, एक मिलिमीटर ठेवून. आणि दवाखान्यातून चिठ्ठी आण. साहेबांना सांग, एनेइदा आर्चिबोल्डनं सांगितलंय."

साहेब म्हणजे कॅप्टन यादिरा किरोस. चिठ्ठी दोनदा वाचून ती म्हणाली, "बारा दिवस. तेराव्या दिवशी मला तुझा चेहरा परत हवाय." बराकीतल्या पोरांना तर आयतंच मिळालं. "काय गिटेन्स, डोंगरात जाऊन क्रांती करणार का?" "अरे नाही, त्याला पाद्री व्हायचंय!"

एक दिवसाआड तो दुपारी दुकानात जायचा. एनेइदा गरम पाण्यातला टॉवेल पिळून मानेवर ठेवायची आणि वाळूचं घड्याळ उलटं करायची. वाळू संपली की भिंग लावून, बोथट सुईनं, कातडीत वेटोळं घालून बसलेला एकेक केस टोकाकडून उचलून बाहेर काढायची. फक्त मोकळा करायची, उपटायची नाही. "उपटलास तर नवा केस येताना पुन्हा वाट चुकेल. याला नुसती हवा दाखवायची." सुई कातडीला लागल्याचं ओव्हिदिओला कळतही नसे. पासष्टीची बाई, संधिवातानं बोटं गाठाळलेली, आणि तिच्या हाताला कंप म्हणून नव्हता. गळ्याची शीर उडत असायची तिच्या शेजारीच ती सुई थांबायची, दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात केस उचलायची आणि बाजूला व्हायची. त्यानं हे एकदा मुद्दाम मोजून पाहिलं. प्रत्येक वेळी ठोक्यांच्या मधेच.

"कुठे शिकलात हे?"

"इथेच. साबणाच्या खोक्यावर उभी राहून. बाबा बोटीवरच्या खलाशांच्या दाढ्या करायचे. बाबा गेल्यावर एकही पुरुष या खुर्चीत बसेना. बाईच्या हातात गळा द्यायचा म्हणजे काय! सात महिने मी रिकामी खुर्ची पुसत होते."

"मग?"

"मग चर्चचा ऑर्गन वाजवणारा आला. त्याची मान तुझ्यापेक्षा वाईट होती. गरजवंताला बाई-पुरुष दिसत नाही."

बाराव्या दिवशी मान सपाट झाली होती. काळे डाग होते, पण बोट फिरवलं तर कुठे उंचवटा लागत नव्हता. एनेइदानं भुवया रंगवायची पेन्सिल घेतली. आपलं बोट मानेवर चारी दिशांनी फिरवून, कुठे केस झोपतो आणि कुठे उभा राहतो ते चाचपत, तिनं बाण काढायला सुरुवात केली. डाव्या बाजूचे बाण कानाकडे गेले. उजव्या बाजूचे सरळ खाली. कंठाच्या हाडाखाली दोन बोटांवर बाण चक्क वर चढत होते, आणि हनुवटीच्या कोपऱ्याखाली नाण्याएवढा भोवरा होता.

"हा तुझा नकाशा. पाठ कर."

ओव्हिदिओ आरशात बघत राहिला. चोवीस वर्षं ही मान तो वागवत होता. दोन्ही बाजू वेगळ्या आहेत, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"उद्यापासून तुम्हीच करा ना मावशी माझी दाढी."

"आणि रोज पहाटे तुझ्या बराकीत यायचं कुणी? तुझा हात तयार झाला पाहिजे." तिनं त्याचा पाच पात्यांचा रेझर उचलून कचऱ्यात टाकला. "पहिलं पातं केस ओढतं, मागची चार खोल कापतात. तुझ्यासाठी हे विष आहे." एका पात्याचा जुना रेझर तिनं त्याच्या हातात दिला. त्यानं मूठ वळली तशी तिनं चापट मारली. "टोकाला धर. दोन बोटांत. तिथे धरलास की दाबताच येत नाही. वजन त्याचं त्याला आहे, तू फक्त वाट दाखव."

मग रोज पहाटे गरम पाणी. साबणाचा फेस ब्रशनं गोल गोल चोळायचा आणि तसाच दोन मिनिटं ठेवायचा, केस भिजून मऊ होईपर्यंत. कातडी ताणायची नाही. बाणाच्या दिशेनं एकच सुलटा हात, आखूड आखूड. दर दोन हातांनी पातं पाण्यात. जिथून एकदा गेलं तिथे पुन्हा नाही. शेवटी गार पाणी, आणि कुंडीतल्या कोरफडीचा गर. बे-रमचं नाव नाही.

पहिले तीन दिवस त्याला दाढी अर्धवट सोडल्यासारखं वाटत होतं. हात आपोआप वर वळायचा. चौथ्या दिवशी वळायचा थांबला.

परीक्षेच्या सकाळी तो घरी होता. बाल्कनीतल्या बेसिनपाशी त्यानं नकाशा मनात आणून दाढी केली. तोंडावर पाणी मारून वळला तर मागे क्लोव्हिस आजोबा उभे. ब्याऐंशी वर्षांचे, सकाळी सहालाच पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, आणि बोटांत कापसाचा बोळा.

"मोठा दिवस आहे. हनुवटी वर."

नाही म्हणायच्या आत त्यांनी बोळा ओढला होता. गालावरून सहज गेला. हनुवटीखाली अडकला. दोन-तीन तंतू मागे राहिले.

"हे काय?"

"तेवढं राहणार, आजोबा."

"राहणार म्हणजे? गिटेन्सांच्या घरातून असा चेहरा बाहेर जाणार? आण तो रेझर इकडे. एकच उलटा हात, दोन मिनिटांचं काम."

"नको."

ओव्हिदिओ आजोबांना आजवर कधी नको म्हणाला नव्हता. आजोबांनी उचललेला रेझर हातातच राहिला.

"त्या बाईनं डोकं फिरवलंय तुझं."

"आजोबा, हा कापूस तुम्हाला कुणी शिकवला?"

"क्लबात. मुख्य वेटर होता आमचा, ओहायोचा गोरा. रोज संध्याकाळी आम्हा सगळ्यांना रांगेत उभं करायचा. कापूस अडकला की त्या रात्री जेवणघरात पाय ठेवायचा नाही. मागे बसून भांडी घासायची."

"तुमचा किती वेळा अडकला?"

म्हाताऱ्याची पाठ ताठ झाली. "एकतीस वर्षांत एकदाही नाही."

त्यासाठी किती सोसावं लागलं असेल, हे आता त्या घरात फक्त ओव्हिदिओलाच नेमकं ठाऊक होतं. एकतीस वर्षं, रोज उलटा हात, रोज ती आग, आणि वरून हसऱ्या चेहऱ्यानं सूप वाढायचं. त्याला आजोबांचा अभिमान वाटला आणि त्या ओहायोच्या माणसाचा राग आला.

"आणि मान?" त्यानं हळूच विचारलं.

आजोबांचा हात वरच्या बटणाकडे गेला. "कोटाची कॉलर उंच असायची," ते म्हणाले. "दिसायचं नाही कुणाला."

खाली कुणीतरी पावासाठी ओरडत होतं.

"आज कापूस नाही बघणार कुणी," ओव्हिदिओ म्हणाला. "रबर बघणार आहे. रबराला एवढं चालतं. रक्त चालत नाही."

आजोबांनी रेझर बेसिनच्या कडेला ठेवला. बे-रमची बाटली उचलली, सवयीनं ओंजळीत ओतली, नातवाकडे बघितलं, आणि ती ओंजळ स्वतःच्याच गालांवर थापली. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसले नाहीत.

"नापास होऊन आलास तर त्या बाईकडे मी जाणार आहे, जाब विचारायला."

"जा की. पण बटण उघडून बसावं लागेल तिच्यापुढे."

"निघ आता, उशीर होतोय," आजोबा म्हणाले. "वकील झालाय मोठा."

परीक्षेच्या खोलीत पंखा नव्हता. कॅप्टन किरोसनं मुखवटा चढवला, पाचही पट्टे आवळले, वरून पारदर्शक टोपडं घातलं आणि त्याच्या भोकातून फवारा मारला. साधा श्वास. खोल श्वास. मान डावीकडे, उजवीकडे. काही नाही. हनुवटीखाली घाम जमत होता, पण झोंबत नव्हतं. पट्टी होती तिथेच होती.

"आता वर-खाली."

दोन्ही वेळी तो इथेच बुडाला होता. मान वर केली की हनुवटीखालची कातडी ताणली जाते, आणि फट असलीच तर ती तिथे उघडते. फवाऱ्याचा आवाज आला. त्यानं मान मागे टाकली, छताकडे बघितलं आणि श्वास आत घेतला. जिभेवर रबराची चव, सकाळची कॉफी. कडू नाही. खाली. पुन्हा वर. कडू नाही.

"बोल काहीतरी."

त्यानं शंभरपासून उलटे आकडे म्हटले. मग वाकला. मग जागच्या जागी धावला. शेवटी कॅप्टननं त्यालाच पट्टीची कड बोटानं किंचित उचलायला लावली, चव कळते की नाही याची खात्री करायला. त्याबरोबर घशापर्यंत कडू जहर पसरलं आणि तो खोकत खोकत हसायला लागला.

"हसू नकोस, गिळशील." कॅप्टननं मुखवटा काढला, त्याची हनुवटी वर करून खाली बघितलं आणि कागदावर सही केली. "पास. उद्या सकाळी पाचला, धुराच्या खोलीत."

"हो साहेब!"

"आणि गिटेन्स, उद्याही दाढी हवी. आत्ता जशी आहे तशीच."

पाचला म्हणजे साडेतीनला उठायचं, ओव्हिदिओनं हिशोब केला. पाणी तापायला दहा मिनिटं, फेसाला दोन, आणि भोवऱ्यापाशी घाई करायची नाही. त्यानं टोपडं घडी करून टेबलावर ठेवलं आणि पुढच्या उमेदवाराला दार उघडून दिलं.