डाव्या पायाची सायकल

मोडक्या वस्तूंची किंमत ठरवणं हाच ज्याचा धंदा, त्याला घरातल्या एका सायकलीची किंमत ठरवता येऊ नये, याचं त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. तो विमा कंपनीचा सर्व्हेअर होता. ठोकरलेल्या गाड्या, जळालेली दुकानं, पुरात भिजलेली गोदामं पाहायची, घसारा वजा करायचा आणि उरेल तो आकडा सांगायचा. समोरचा माणूस रडो की भांडो, त्याचा आकडा हलत नसे. पण मागच्या पडवीत जुन्या चादरीखाली उभ्या असलेल्या वडिलांच्या सायकलीपुढे गेला की त्याची नजर पाहणी करायचं सोडून भिंतीवर, छतावर, कोपऱ्यातल्या कोळिष्टकांवर भटकत राही.

सायकल फार जुन्या घडणीची होती. वडील एका कारखान्यात लेथ चालवणारे टर्नर होते आणि लहानपणीच्या दुखण्यानं त्यांचा डावा पाय आखूड राहिला होता. चालताना ते त्या बाजूला असे झुकत, की अनोळखी माणसाला वाटावं, यांचं काहीतरी खाली पडलंय आणि ते उचलायला निघालेत. साधी सायकल त्यांना जमेना, म्हणून तरुणपणी त्यांनी ही भंगारातून उचलली आणि कित्येक वर्षं, कारखाना सुटल्यावर लेथवर थांबून, स्वतःसाठी घडवत नेली. डावीकडचा क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, आखूड, त्यावरच्या पेडलला लाकडाचा ठोकळा, सीट एका अंगाला किंचित उतरती, हँडलची डावी मूठ थोडी पुढे काढलेली. शेजारीपाजारी म्हणत, ही सायकल नव्हे, अंगाबरोबर शिवलेला सदरा आहे. खरंच तसं होतं. दुसरं कुणीही तिच्यावर बसलं की चार हात जाऊन आडवं व्हायचं. सर्व्हेअर लहानपणी एकदा बसला होता. हनुवटीवरची खूण अजून होती. "तिला माझा पाय लागतो रे," वडील तेव्हा हसून म्हणाले होते. "एक जमिनीवरचा आणि एक विचारात पडलेला."

वडिलांना स्वतःच्या पायावर विनोद करायला काही वाटत नसे. वाटायचं ते मुलाला. बाजारात तो त्यांच्या दोन पावलं पुढे चालायचा, आणि आता स्वतःचे केस पिकायला लागले तरी ती दोन पावलं काही कमी झाली नव्हती.

आता घर बदलायचं होतं. नव्या जागेत पडवी नव्हती, अंगण नव्हतं. मागे एकदा पडल्यापासून वडील सायकलला हात लावत नव्हते. अंगणाकडे उघडणाऱ्या आपल्या खोलीच्या खिडकीत बसून असत. "विका, पण आधी बाबांना विचारा," बायको म्हणाली होती. "विचारतो," तो म्हणाला आणि न विचारताच त्यानं जाहिरात दिली.

पहिला आला तो जुन्या सायकली जमवणारा संग्राहक. पिकल्या मिशांचा, ताठ, मनगटापर्यंत बटणं लावलेला माणूस. त्यानं अंगणात काढलेल्या सायकलभोवती सावकाश चक्कर मारली, ठोकळ्यावरून अंगठा फिरवला आणि सुस्कारा सोडला.

"काम फार सुंदर आहे. पण एकाच माणसाच्या मापाचं. दुसऱ्या कुणाला चालवता येणार नाही, म्हणजे भिंतीवर टांगायची शोभा. शोभेची किंमत ती काय असणार?"

हाच युक्तिवाद सर्व्हेअर रोज दुसऱ्यांना ऐकवत असे.

"कुणी केलंय हे?"

"माझ्या वडिलांनी."

"आहेत?"

प्रश्न अगदी साधा होता. उत्तर पाठीमागच्या खिडकीत बसलेलं होतं. पण जिवंत माणसाची अडगळ आणि गेलेल्या माणसाची आठवण यांच्या भावात किती फरक पडतो, हे सर्व्हेअरला धंद्यानं शिकवलं होतं. जिभेला हाड नसतं म्हणतात, ते त्याला त्या क्षणी कळलं.

"नाहीत," तो म्हणाला.

संग्राहकानं टोपी काढून हातात घेतली. मग त्यानं जो आकडा सांगितला, तो सर्व्हेअरच्या अपेक्षेपेक्षा खूपच वर होता. "एक फेरी मारून बघू का?" त्यानं विचारलं. तुम्ही पडाल, हे शब्द सर्व्हेअरच्या ओठांवर आले होते. पण पडेल या भीतीनं गिऱ्हाईक बिचकेल, म्हणून त्यानं ते गिळले.

संग्राहक पडला नाही. तो गल्लीच्या टोकापर्यंत पाण्यावरून गेल्यासारखा गेला, वळला आणि आला. उतरला तेव्हा त्याचा चेहरा मऊ झाला होता. "माझ्यासाठीच केल्यासारखी आहे हो," तो म्हणाला. "पैशांची सोय करून येतो. कुणाला देऊ नका." आणि तो फाटकाकडे निघाला. दर पावलाला त्याचं अंग डावीकडे झुकत होतं. खाली पडलेलं काही उचलायला निघाल्यासारखं. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसावा. बाहेर पडताना त्यानं वळून हात हलवला.

पाय अवघडला असेल, सर्व्हेअरनं मनाशी म्हटलं.

जेवताना वडिलांनी विचारलं, "कोण आलं होतं?"

"ऑफिसातले."

"हं." त्यांनी घास सावकाश चावला. "घसारा किती धरलास?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, थोडी थट्टाच होती. पण सर्व्हेअरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकी उघडी होती. त्यांनी सायकलीचा सौदा ऐकला होता, आणि ते 'नाहीत'ही ऐकलं होतं. त्याच वेळी खरं बोलून मोकळं व्हायला हवं होतं. त्यानं पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

वडील उठून हात धुवायला गेले. बायको त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली.

"बाबांचा पाय आज बरा दिसतोय नाही?" ती म्हणाली.

त्यानंतर एके दुपारी नृत्य शिकवणारी एक बाई सायकल बघायला आली. जाहिरात अजून काढलेली नव्हती. खरं तर आणखी कुणी जास्त देतं का, हे त्याला बघायचं होतं. बाई हसऱ्या, चपळ, एका जागी उभं राहणं ठाऊक नसलेल्या. त्यांनीही तोच प्रश्न विचारला आणि या वेळी उत्तर द्यायला सर्व्हेअरला वेळ लागला नाही. खोट्याचंही पेडलसारखंच असतं, पहिला रेटा जड जातो.

"कसे गेले?"

"झोपेतच."

"भाग्यवान माणूस," बाई म्हणाल्या, आणि खिडकीतला पडदा वारा नसताना हलला, की त्याला तसं वाटलं.

बाई फेरी मारून आल्या, त्याही न पडता. उतरताना खळखळून हसल्या. "पायाला मुंग्या आल्या वाटतं," असं म्हणत त्यांनी पाय झटकला आणि चालू लागल्या. डावीकडे झुकत, सावरत, पुन्हा झुकत. या वेळी सर्व्हेअर मनाची समजूत घालू शकला नाही. त्यांना हाक मारावी असं त्याला वाटलं. पण हाक मारून सांगणार काय? तो फाटकाला धरून उभा राहिला आणि त्या दिसेनाशा झाल्यावर आत आला.

आत वडील पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे जात होते. आयुष्यभर या घरात त्यांच्या चालण्याचा एक जड आणि एक फरफटता असा जोडीचा आवाज होता. कोण कुठल्या खोलीत आहे हे त्यावरून कळायचं. आता ते जात होते ते रेघेसारखे सरळ, आणि फरशीवर पावलाचा आवाजच नव्हता. सर्व्हेअर तरीही दोन पावलं अंतर ठेवूनच त्यांच्या मागे गेला. वडील सुनेसमोर अदबीनं उभे होते.

"थोडं पाणी मिळेल का?" त्यांनी विचारलं. "तुम्हाला त्रास नसेल तर."

बायकोनं पेला दिला. त्यांनी 'सूनबाई' म्हटलं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, ते गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "आजकाल घरात असूनसुद्धा नसल्यासारखे वाटतात बाई."

दुसऱ्या दिवशी त्यानं नृत्यशिक्षिकेला फोन केला. सौद्याचं निमित्त केलं आणि मग शक्य तेवढ्या सहजपणे विचारलं, "पाय कसा आहे?"

"पाय?" पलीकडून नवल वाटल्याचा आवाज आला. "डावा ना? तो काय, लहानपणापासून असाच आहे की. मी शिकवते ते बसूनच. त्या दिवशी तुम्ही पाहिलं नाहीत?"

सर्व्हेअरनं फोन ठेवला. जिथं नुकसान दिसतं पण कारण सापडत नाही, अशी प्रकरणं त्यानं पूर्वी पाहिली होती. अशा ठिकाणी तो कागदावर 'कारण अज्ञात' लिहून पुढच्या कामाला लागत असे. इथं कारण अज्ञात नव्हतं. ते त्याच्या तोंडात होतं, आणि त्याची चव जात नव्हती.

विकायचीच नाही, त्यानं ठरवलं. बाबांपुढे बसायचं, मी असं असं बोललो म्हणून सांगायचं, माफी मागायची. संध्याकाळी तो त्यांच्या दारापर्यंत गेलाही. वडील खिडकीत बसले होते. त्यांनी मान वळवून पाहिलं, ओळखीचं पण नाव न आठवणारं कुणी दिसल्यावर माणूस हसतो तसे हसले, आणि बसायला जागा करून दिली. सर्व्हेअरला तिथं बसवेना. "उद्या बोलू," असं पुटपुटून तो मागे फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संग्राहक पैसे घेऊन आला. आता तो ताठ नव्हता. मनगटाची बटणं उघडी होती, बोटांच्या पेरांत तेलाचा काळेपणा होता, आणि अंगणातून चालत येताना तो असा बिनघोर झुकत होता, की जणू त्यानं दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं चालून पाहिलंच नव्हतं. न विचारता पडवीत जाऊन त्यानं चादर काढली, घडी घातली, सायकल अंगणात आणली आणि बाहीनं ठोकळा पुसायला लागला.

"विकायची नाही," सर्व्हेअर म्हणाला. "मी तुमच्याशी खोटं बोललो. माझे वडील आहेत. आत आहेत."

त्याला वाटलं होतं, हा माणूस भडकेल, निदान तोंडात मारल्यासारखं काहीतरी बोलेल. संग्राहकानं पुसणं थांबवलं नाही.

"मग बोलवा की," तो म्हणाला.

सर्व्हेअरनं हाक मारली. वडील लगेच आले, सदरा नीट करत, पायऱ्या सरळ उतरत. अंगणात उभ्या असलेल्या त्या दोघांना त्यांनी नमस्कार केला. मग ते सायकलीजवळ गेले, वाकले, आखूड क्रँक पाहिला, मुठीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"छान काम आहे," ते म्हणाले. "कुणाचं?"

"तुमचं, बाबा."

दुसऱ्याची चूक झाली की भला माणूस जसा ती न दाखवता हसतो, तसे ते हसले. "नाही हो. मला कुठलं हे जमायला! तुमच्या वडिलांची का सायकल?"

त्यांनी त्याला 'तुमच्या' म्हटलं. सर्व्हेअरनं होकारार्थी मान हलवली. आणखी काही करणं शक्य नव्हतं.

"आहेत?"

सकाळचं ऊन अंगणभर पडलं होतं, आणि कुठं तोंड लपवावं असा एकही आडोसा त्यात नव्हता. "आहेत," तो म्हणाला. हे खरं आता इतकं हलकं झालं होतं, की त्याचं त्यालाच ते खोटं बोलल्यासारखं ऐकू आलं.

"मग त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका," वडील म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. गिऱ्हाइकानं जाता जाता द्यावा तसा साधा सल्ला होता. "इतक्या मनानं केलेली वस्तू. माणसाला वाईट वाटतं." त्यांनी पुन्हा नमस्कार केला, फाटक उघडलं, बाहेर जाऊन ते हलकेच लावून घेतलं आणि गल्लीनं चालू लागले. एकसारखी पावलं टाकत, आणखी कुठं काही पाहायला जायचं असलेल्या माणसाच्या चालीनं.

सर्व्हेअर फाटकापर्यंत धावला आणि लहान मुलासारखा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "बाबा!"

गल्लीतून जाणाऱ्या माणसानं वळून पाहिलं नाही. मागे अंगणात सायकल धरून उभ्या असलेल्या माणसानं मान वर केली.

"काय रे?" त्यानं विचारलं.

सर्व्हेअर वळला. त्याची मान खाली गेली, आणि त्याच्या तोंडून निघालं, "काही नाही."